सरकारी बागेतलं देवक

आमच्या चुलीत कळंबाचं लाकूड कधी जळलं नाही. पावसाळ्यात घरातलं सगळं जळण दमट व्हायचं, आई फुंकणीने फुंकून फुंकून डोळे लाल करून घ्यायची, आणि गोठ्याच्या आडोशाला वादळात मोडलेली कळंबाची जाडजूड फांदी नुसती पडून असायची. तिच्याकडे कुणाची नजर जायची नाही. कळंब हे आमचं देवक. घरात लग्न निघालं की आदल्या दिवशी त्याची एक डहाळी वाजतगाजत तोडून आणायची, हळदकुंकू लावून मांडवात बसवायची, आणि मगच पुढचं सगळं. एरवी त्याचं पान तोडायचं नाही, त्याच्या सावलीत पायताण घालून शिरायचं नाही. आणि ज्यांचं ज्यांचं देवक कळंब, ते सगळे आमचे भाऊबंद. त्यांच्यात सोयरीक नाही. बेडशाच्या लेण्यांखाली आमचं घर होतं, आणि परड्याच्या टोकाला ते झाड. त्याला पिवळसर गोंडे लागले की मी आणि सोना, म्हणजे माझी थोरली बहीण, खाली पडलेले गोंडे वेचून त्यांच्या गाड्या करायचो. पडलेलं चालायचं. तोडलेलं नाही.

या देवकाने सोनाचं एक लग्न मोडलं होतं. नाणे मावळातलं चांगलं स्थळ होतं. सुपारी फुटायची तेवढी राहिली होती. पंगत बसली, आंबेमोहोराचा भात वाढून झाला, वरून आमटी पडली, आणि कुणीतरी सहज विचारलं, "पाव्हनं, तुमचं देवक कंचं म्हनायचं?" पाहुणे म्हणाले, "कळंब." आबांच्या हातातला घास हातातच राहिला. मध्यस्थाने दोन्हीकडे नीट चौकशीच केली नव्हती. पाहुणे निम्म्या भातावरून उठले, हात धुतले आणि उन्हातच चालू लागले. सोना आत माजघरात नवं लुगडं नेसून बसली होती. ती उठली, लुगडं सोडून त्याची घडी घातली आणि जात्यावर जाऊन बसली. त्या दिवशी ती नुसती दळत होती, ओवी नव्हती. पुढे दोन वर्षं आमच्या घरात जात्याचा आवाज असाच, बिनगाण्याचा यायचा. तो आवाज मला आजही आठवतो. नव्या लोकांना मिक्सरचा आवाज त्रासदायक वाटतो. त्यांनी तो जात्याचा ऐकलेला नाही.

मग खडकीचं स्थळ आलं. मुलगा कारखान्यात होता. लढाईचे दिवस, कारखाना रात्रंदिवस चालायचा, रजा मिळायची नाही. म्हणून लग्न त्यांच्याकडे, खडकीलाच ठरलं. या वेळी आबांनी पहिला प्रश्न देवकाचा विचारला. पाहुणे म्हणाले, "आमचं पाचपालवी." पाच झाडांच्या पानांचं देवक असतं, हे आबांना ठाऊक होतं. कळंब नाही ना, मग झालं. त्यांनी पुढचं काही विचारलं नाही, आणि घरात परत माणसांचा आवाज आला. उखळात दोन-दोन मुसळं पडू लागली, साखर मिळत नव्हती म्हणून गुळाच्या दशम्यांचे डबे भरले, खुरासणीची चटणी कुटली तेव्हा तिचा खमंग वास ओढ्यापलीकडे गेला म्हणतात. आणि एका पहाटे जात्यावरून सोनाचं गाणं ऐकू आलं. आई चुलीपाशी हातातलं पीठ तसंच घेऊन ऐकत उभी राहिली.

आता या सगळ्यात माझं काम काय? मी तळेगावच्या शाळेत इंग्रजी सहावीत होतो, म्हणजे घरातला विद्वान होतो. पाचवीत मी दोनदा बसलो होतो, पण त्यामुळे विद्वत्ता दुप्पटच झाली असावी असा आबांचा समज होता. खडकीला आमच्या झाडाची डहाळी न्यायची, ती वाटेत जमिनीला टेकवायची नाही, असलं जबाबदारीचं काम शिकलेल्या माणसाकडेच हवं, असं त्यांनी ठरवलं. ताशा वाजला, डहाळी तोडली, सुपात तांदूळ, सुपारी, नारळ आणि ओल्या फडक्यातली डहाळी असं सगळं मांडून ते सूप माझ्या हातात आलं. आई, सोना आणि बायका आदल्या दिवशीच पुढे गेल्या होत्या. कामशेतला आबा पाहुण्यांबरोबर पुढच्या डब्यात चढले. मागच्या डब्यात मी, ठकूआत्या, भांड्यांचं गाठोडं आणि देवक. ठकूआत्या आबांची धाकटी बहीण. देवक बसवायचा मान तिचा. माणूस प्रेमळ, पण जीभ अशी की गावातली कुत्रीसुद्धा तिच्या दारावरून जाताना भुंकायची नाहीत.

समोरच्या बाकाखाली एक शेळी होती. ती हुसेनचाचांची, कामशेतचे हुसेनचाचा, लेकीच्या घरी नातवासाठी दुभती शेळी घेऊन निघालेले. वडगाव गेलं. आत्या डुलकी घेऊ लागली. तळेगाव जवळ आलं तशी माझ्या डोक्यातली विद्वत्ता जागी झाली. फलाटावर शाळेतली मुलं उभी असणार आणि आपल्या डोक्याला करवल्याचा गुलाबी फेटा आहे, तो त्यांना दिसलाच पाहिजे. मी सूप मांडीवर ठेवलं आणि खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर निघालो. फलाटावर वर्गातलं कुणी नव्हतं. एक हमाल होता, त्याने माझ्याकडे बघून बिडी पेटवली. गाडी सुटली, मी आत वळलो. सुपात नारळ होता. तेवढा शेळीच्या तोंडात मावला नव्हता.

"आत्या," मी म्हणालो.

आत्याने डोळे उघडले. शेळीच्या तोंडातून शेवटचं पान आत सरकत होतं. आत्याने ते पाहिलं, मग सूप पाहिलं, मग मला पाहिलं.

"नाम्या! मुडद्या! देवक खाल्लं की रं तिनं!"

"अगं, हळू बोल."

"हळू? दादाच्या कानावर गेलं, तर तो खडकीच्या फलाटावरनंच माघारी फिरंल. इशारा हाय म्हनंल देवाचा. आन् पोरगी बसंल पुन्ना जात्यावर!" तिचा आवाज एकदम बारीक झाला. "कुटनं आनू आता कळंब? खडकीत काय हाय? नुसती गोऱ्यांची घरं."

हुसेनचाचांचा चेहरा माझ्याहून पडला होता. ते शेळीच्या कानफटात मारायला उठले आणि परत बसले. "तिला तरी काय ठावं, बया. पन मी सांगतो. खडकीहून कोसभर सरकारची बाग हाय. मी तितं खराटे देतो. दुनियेतलं झाड न् झाड लावलंय. कळंब नसंल तर माझं नाव हुसेन न्हाई."

"तोडू देत्यात का?"

"ते मला इचारू नका," चाचा म्हणाले.

खडकीला चाळीतल्या दोन खोल्या आमच्यासाठी रिकाम्या केल्या होत्या. आत्याने सूप फडक्याने झाकून उंच फळीवर ठेवलं आणि जाहीर केलं की संध्याकाळी देवक बसेपर्यंत याला जो हात लावील त्याचा हात झडेल. मग ती आबांना म्हणाली, "दादा, ह्यो नाम्या मला सरकारची बाग दावतो म्हनतोय. जनमात कदी बगितली न्हाई. दिवं लागायच्या आत येतो." आबा खूश झाले. शिकलेलं पोरगं आत्याला बाग दाखवतंय, याहून काय हवं होतं?

अशी मी ती बाग पाहिली. पुढे आयुष्यात पुष्कळ बागा पाहिल्या, तिकिटं काढून पाहिल्या, पण छातीत धडधड घेऊन पाहिलेली ती एकच. फाटकातून आत गेलो आणि आत्या थबकली. दोन्ही बाजूंनी दोघांच्या कवेत न मावणारी झाडं ओळीने उभी, वर फांद्यांची कमान, खाली झाडलेली लाल वाट. एवढी माणसं फिरत होती, पण कुणी फांदी ओढत नव्हतं, कुणी दगड मारत नव्हतं, पोरंसुद्धा कुजबुजत चालली होती. आमच्याकडे असं फक्त देवराईत असतं. आत्याने मुकाट्याने चपला काढून हातात घेतल्या.

"अगं, ही देवराई नाही. घाल त्या."

"मंग समदी गप का? देव कंचा हाय हितला?"

मी म्हणालो, सरकार. तिने मान डोलवली आणि चपला हातातच ठेवल्या.

प्रत्येक झाडाच्या गळ्यात पत्र्याची पाटी होती. "ह्ये बिल्लं कशाला?" तिने विचारलं. मी म्हणालो, झाडांची नावं आहेत, लॅटिन भाषेत. आणि मी मोठ्याने वाचू लागलो. माझं लॅटिन ऐकून एक मडमीण चालता चालता थांबली, तिला वाटलं मला उचकी लागली आहे. पाट्या वाचत वाचत कळंब शोधायचा, असा माझा शास्त्रीय बेत होता. फक्त कळंबाला लॅटिनमध्ये काय म्हणतात हे मला माहीत नव्हतं. पुढे काचेचं घर लागलं. आत कुंड्यांमध्ये नेचे होते, त्यांच्यावर एक माणूस झारीने पाणी घालत होता. आत्या काचेला नाक लावून बघत राहिली. "आपल्या ओढ्याच्या कडंला म्हशी ह्येच्यावर लोळत्यात," ती म्हणाली, "आन् हितं बगा कसं काचेच्या माडीत ऱ्हातंय." पुढच्या कुंडीत निवडुंग दिसला, तेव्हा तिला हसू आवरेना. तोंडाला पदर लावून, हातात चपला घेऊन ती त्या लाल वाटेवर हसत उभी राहिली. इतकी वर्षं झाली, बागेचं नाव निघालं की मला आधी ती तशी दिसते.

तेवढ्यात मला कळंब दिसला. पाटी वाचून नव्हे. तळ्याच्या अलीकडे एका झाडापुढे एक माणूस आमच्याकडे पाठ करून, चपला बाजूला काढून हात जोडून उभा होता. त्याने इकडेतिकडे पाहिलं, बुंध्याला कुंकवाचं बोट लावलं, आणि कट्कन एक डहाळी मोडली. तो वळला तशा मिशा दिसल्या. नवऱ्या मुलाचे सख्खे मामा, खंडूमामा. सुपारीला आमच्याकडे येऊन सात भाकऱ्या खाऊन गेलेले.

आत्या खालीच बसली. "कळंब," एवढंच म्हणाली. तिचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. पुन्हा तेच. पुन्हा भाऊबंद.

त्या वेळी शहाण्या माणसाने पुढे जाऊन रामराम केला असता. मी दोन्ही हात वर करून ओरडलो, "ए! थांबा! तोडू नका! पकडा त्यांना!" त्यात लग्नाचा एकही शब्द नव्हता. मामांना वाटलं, बागेचा पहारेकरी. त्यांनी डहाळी सदऱ्यात कोंबली, चपला तिथेच टाकल्या आणि धोतर सावरत तळ्याच्या काठाने धूम ठोकली. माणूस जाड, पण काय पळायचा! मी मागे. मामा तळ्याला वळसा घालून पलीकडे निघाले. आता तळ्यात परातींएवढी पानं होती, कडा वर वळलेली, हिरवीगार. आमच्या मास्तरांनी सांगितलं होतं की असल्या पानावर तान्हं मूल ठेवलं तरी बुडत नाही. मी त्यावर विचार केला. विचार फार थोडा वेळ केला. मी तान्ह्या मुलापेक्षा थोडाच जड असेन असं धरून मी तळं आडवं कापायला पानावर पाय ठेवला.

मास्तरांचं खरं होतं. मूल बुडलं नसतं.

पाणी छातीएवढं होतं, पण चिखल प्रेमळ होता, सोडेना. गुलाबी फेटा सुटून पानांमधून लांबच लांब तरंगत चालला. शिट्टी वाजली. खरा पहारेकरी खाकी कपड्यांत धावत आला, मडमीण आली, झारीवाला आला. मामांनी वळून पाहिलं, मला ओळखलं, आणि पळायचं सोडून परत आले. त्यांनीच हात देऊन मला वर ओढलं. ओढताना सदऱ्यातली डहाळी बाहेर डोकावली आणि पहारेकऱ्याने ती बरोबर पाहिली.

"अरं, तू नवरीचा भाऊ ना?" मामा धापा टाकत म्हणाले. "वरडलास कशापायी?"

"तुमचं देवक कळंब! आमचंही कळंब! लग्न मोडलं!" मी काठावर पाणी गाळत म्हणालो.

तोवर आत्या येऊन पोचली होती. मामांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि काखेतली पिशवी उलटी केली. आंब्याचा टाळा, जांभळाचा, वडाचा, उंबराचा. "पाचपालवी म्हंजी ही पाच, बाई. ह्यो कळंब पाचवा. बाकीची छावनीत गावली, ह्येच्यासाठी हितवर यावं लागलं. आमी सांगितलं हुतं की पाचपालवी. कंची पाच, त्ये तुमी इचारलं न्हाई."

"आन् तुमी सांगितलं न्हाई," आत्या म्हणाली.

मला वाटलं मिटलं. पण आत्याच्या कपाळावरची आठी गेली नव्हती. ती ओल्या गवतावर बसली. "म्हंजी पाचातला एक आमचाच की. नवरा पोरगा पाचवा हिस्सा भाऊ लागतो सोनीचा." कुणी हसलं नाही. पहारेकऱ्यानेसुद्धा मान डोलवली; तोही देवकवालाच असावा. "कळंब सोडून दुसरं घ्या पाचवं."

"देवक म्हंजी मंडईतली भाजी हाय का, बाई? ह्ये नगं, ती जुडी द्या?"

"मंग मी दादाला काय सांगू?"

मामांनी मिशीवरून हात फिरवला. सोना त्या वेळी चाळीत हळदीची वाट बघत असेल, हा विचार आमच्या तिघांच्याही मनात असणार. मग मामांनी गवतावर पाचही टाळे ओळीने मांडले आणि त्यांच्यापुढे मांडी घालून बसले.

"आसं बगा. गावात तंटा झाला की पाच पंच बसत्यात. ह्ये आमचं पाच पंच. आंबा म्हनतो, आमी परकं, लगीन होऊ द्या. जांभूळ त्येच म्हनतो. वड, उंबर, त्येच. एकटा कळंब म्हनतो, भावकी हाय. चार एकीकडं, एक एकीकडं. आता निकाल कुनाचा धरायचा?"

आत्या त्या पाच टाळ्यांकडे बघत राहिली. तिने वड हातात घेतला, उलटसुलट केला, खाली ठेवला. मला वाटतं तिच्या मनाचा निकाल आधीच झाला होता, पण तो कुणीतरी नीट बसून द्यायला हवा होता.

"पंचांचं मोडता येत न्हाई," ती शेवटी म्हणाली. "पन मामा, एक ऐका. आमचं देवक शेरडानं खाल्लंय." आणि तिने सगळं सांगितलं, माझ्या फेट्यासकट.

मामा इतके हसले की शेवटी गवतावर आडवे झाले. पहारेकरी म्हणाला, "डहाळी मोडलीया त्येला आता विलाज न्हाई. मोडल्याली सरकारला काय कामाची? पन दुसरी तोडाल तर तिघांस्नी सायबापुढं न्हेईन." एकच डहाळी. मामांनी तिची दोन पानं खुडून आपल्या पिशवीत टाकली आणि बाकीची डहाळी दोन्ही हातांनी आत्याच्या ओटीत घातली. आत्याने झाडापाशी जाऊन कुंकू लावलं, वाकून नमस्कार केला. मला म्हणाली, "तूबी पड पाया. तुज्यासारख्याला झाडानंच संबाळलंय." मी चिखलाने भरलेलं कपाळ बुंध्याला टेकवलं.

परवा नातवाच्या लग्नात देवक कार्यालयवाल्यांनीच दिलं. प्लॅस्टिकच्या ताटात, पानं कसली ते विचारायला कुणाला वेळ नव्हता. मीही विचारलं नाही. पण मंडपात मला एकट्यालाच हसू येत होतं आणि सून समजली की म्हाताऱ्याचं जरा बिघडलंय.

तर त्या दिवशी खडकीत दिवेलागणीला आत्याने सूप फळीवरून उतरवलं. आबांनी डहाळी हातात घेतली, पानं चाचपली. "सकाळी तोडल्याली वाटत न्हाई. कशी टवटवीत ठिवलीया पोरानं! पानी लय मारलं असंल." आत्या म्हणाली, "मारलं की. सोताच्या अंगावर घेतलं समदं." माझ्या ओल्या कपड्यांचा आबांनी तोच अर्थ लावला, आणि पाहुण्यांना अभिमानाने सांगितला. शाळेत मला कधी एवढी शाबासकी मिळाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. मी नवरीचा भाऊ म्हणून नवऱ्याचा कान पिळायला पुढे झालो, बिनफेट्याचा, आबांची जुनी टोपी घालून. बहिणीला नीट सांभाळा अशी ताकीद असते त्यात. मी मोठ्या तोऱ्यात कान धरला. दाजी मुंडावळ्यांच्या आडून, ओठ न हलवता म्हणाले, "मेव्हनं, तळं खोल हुतं का वो?"

म्हणजे मामांनी सांगितलं होतं. शेजारी सोनाचे खांदे शालीखाली हलत होते. मला वाटलं, रडतेय. आतापर्यंत मीच तिचा रडण्याहसण्याचा सोबती, म्हणून मी जरा वाकून तिचा चेहरा पाहिला. ती हसत होती. हळद लावताना आत्यानेही सांगितलं होतं तर! दोघं अजून एकमेकांशी एक शब्दही बोलली नव्हती, आणि माझ्या फजितीवर मात्र दोघं मिळून हसत होती. मी वाट पाहिली, ती माझ्याकडे बघेल म्हणून. ती बघत होती त्याच्याकडे.

मी दाजींचा कान आणखी एकदा पिळला, रिवाजापेक्षा बराच जोरात, आणि बाजूला झालो.